विश्लेषण : ओठांवर फुटणारा ताप लाल प्रकाशाने बरा होतो? घरगुती उपकरणांच्या दाव्यात तथ्य किती?

लिपस्टिकएवढे उपकरण, टोकाला लाल दिवा आणि चार्जिंगसाठी मोबाइलची वायर. ओठावर ताप फुटला की हा दिवा दिवसातून दोन-तीनदा काही मिनिटे धरायचा आणि फोड ‘औषधाविना’ बरा होतो, असा दावा करणारी उपकरणे सध्या ऑनलाइन बाजारात सहज मिळतात. चेहऱ्याच्या सुरकुत्यांसाठी घेतलेला लाल दिव्यांचा मास्क किंवा पॅनेलही यासाठी चालतो, असे सांगणारे व्हिडीओ आहेत. या दाव्यामागे काही शास्त्रीय चाचण्या आहेत, हे खरे. मात्र त्या चाचण्यांत नेमका कोणता प्रकाश, किती आणि केव्हा दिला गेला, हे पाहिले तर जाहिरात आणि पुरावा यांतील अंतर लक्षात येते.

ओठावर ‘ताप फुटतो’ म्हणजे काय होते?

अंगातला ताप ओठावाटे बाहेर पडला, असे घरोघरी म्हटले जाते. प्रत्यक्षात हा ‘हर्पिस सिम्प्लेक्स व्हायरस १’ या विषाणूचा संसर्ग आहे. इंग्रजीत त्याला कोल्ड सोअर किंवा फीव्हर ब्लिस्टर म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांना, म्हणजे या वयोगटातील ६४ टक्के लोकांना, या विषाणूची लागण झालेली आहे. बहुतेकांना ती लहानपणीच होते. घरातल्या कोणाचा तरी पापा, उष्टा पेला किंवा लाळेचा संपर्क त्याला पुरेसा असतो. लागण झालेल्या सर्वांना फोड येतातच असे नाही.

एकदा शिरलेला विषाणू शरीरातून जात नाही. चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल या मज्जातंतूच्या मुळाशी असलेल्या पेशींत तो निपचित पडून राहतो. कडक ऊन, आजारपणातला ताप, जागरण, मानसिक ताण, मासिक पाळी किंवा ओठाला झालेली इजा यांपैकी एखादे निमित्त मिळाले की तो जागा होतो आणि त्याच मज्जातंतूवरून पुन्हा ओठापर्यंत येतो. त्यामुळेच अनेकांना दर वेळी ओठाच्या त्याच जागी फोड येतात.

आधी काही तास ते एक-दोन दिवस चुणचुण, खाज किंवा जळजळ जाणवते. मग पाणी भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका येतो, फोड फुटतात, खपली धरते आणि साधारण सात ते दहा दिवसांत जागा बरी होते. काहीही उपचार न करता बरी होते, हे महत्त्वाचे. म्हणूनच तूप, तुरटी, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावले तरी ‘गुण आला’ असे वाटते. लाल दिव्याच्या बाबतीतही हीच अडचण आहे. दिव्यामुळे फोड लवकर बरा झाला की तो तसाही बरा होणार होता, हे एका माणसाच्या अनुभवावरून सांगता येत नाही. त्यासाठी खरा आणि खोटा दिवा वापरून दोन गटांची तुलना करावी लागते.

लाल प्रकाशाचा उपचार आला कोठून?

कल्पना नवी नाही. डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांनी १८९३ मध्ये देवीच्या रुग्णांना लाल पडदे किंवा लाल काचा लावलेल्या खोलीत ठेवावे, म्हणजे व्रण कमी राहतात, असे मांडले होते. सूर्यप्रकाशातील निळे-जांभळे किरण फोडांना अपाय करतात आणि लाल काच ते अडवते, असा त्यांचा तर्क होता. लाल खोलीचा हा उपाय पुढे टिकला नाही. फिन्सेन यांना १९०३ मध्ये नोबेल मिळाले ते त्वचेच्या क्षयरोगावरील प्रकाशोपचारासाठी, आणि तो उपचार लाल प्रकाशाचा नव्हता.

आजच्या पद्धतीची सुरुवात बुडापेस्टमध्ये झाली. १९६७ मध्ये तेथील डॉक्टर एंड्रे मेस्टर उंदरांवर रुबी लेझरचे प्रयोग करत होते. केस काढलेल्या जागी लेझर दिलेल्या उंदरांचे केस लवकर उगवले, असे त्यांना दिसले. पुढे जखमा भरण्यासाठी मंद लेझर वापरण्याचे प्रयोग सुरू झाले. १९९० च्या दशकात ‘नासा’ने अंतराळात रोपे वाढवण्यासाठी वापरलेल्या लाल एलईडी दिव्यांचा जखमांवर उपयोग होतो का, याचाही अमेरिकेत अभ्यास झाला. लेझरऐवजी स्वस्त एलईडी वापरता येतात असे दिसल्यावर घरगुती उपकरणांचा मार्ग मोकळा झाला. वैद्यकीय परिभाषेत या पद्धतीला आता ‘फोटोबायोमॉड्युलेशन’ म्हणतात.

रुग्णालयांत तिला मान्यता असलेले उपयोगही आहेत. कर्करोगाच्या काही उपचारांत रुग्णाचे तोंड आतून सोलवटते, अन्न गिळता येत नाही. ते टाळण्यासाठी ठरावीक मात्रेत हा प्रकाश देण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. मात्र तेथे तरंगलांबी, मात्रा आणि वेळ हे सारे ठरलेले असते आणि प्रशिक्षित व्यक्ती उपचार करते.

लाल प्रकाश विषाणूला मारतो का?

नाही. जंतू मारण्यासाठी वापरला जातो तो अतिनील प्रकाश. तो विषाणूच्या जनुकीय साखळीलाच इजा करतो. लाल प्रकाशाच्या कणांत तेवढी ऊर्जा नसते. शिवाय मज्जातंतूच्या मुळाशी दडलेल्या विषाणूपर्यंत ओठावर धरलेला दिवा पोहोचत नाही. त्यामुळे ‘विषाणूचा समूळ नाश’ असे लिहिलेल्या जाहिरातीवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही.

प्रकाशाचा परिणाम होत असेल तर तो आपल्या पेशींवर होतो, असे संशोधक मानतात. पेशीतील मायटोकाँड्रियामध्ये ऊर्जा तयार होते. तेथील ‘सायटोक्रोम सी ऑक्सिडेज’ हे प्रथिन लाल आणि त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश शोषून घेते. त्यामुळे पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, सूज कमी होते आणि त्वचा भरून येण्याचा वेग वाढतो, अशी ही मांडणी आहे. प्रयोगशाळेत तिला आधार मिळाला आहे. पण या प्रकाशाची एक खोड आहे. कमी मात्रेत परिणाम दिसत नाही, योग्य मात्रेत दिसतो आणि मात्रा जास्त झाली की तो पुन्हा कमी होतो. म्हणून ‘जास्त वेळ धरला तर जास्त फायदा’ हे गणित येथे चालत नाही.

चाचण्यांत काय आढळले?

सर्वाधिक दाखला दिला जातो तो व्हिएन्ना येथील १९९९ च्या अभ्यासाचा. महिन्यातून किमान एकदा फोड येणाऱ्या ५० रुग्णांना दोन गटांत विभागले गेले. एका गटाला ६९० नॅनोमीटरचा लाल लेझर दोन आठवड्यांत १० वेळा दिला, दुसऱ्याला दिल्यासारखे केले. कोण कोणत्या गटात आहे, हे रुग्णांपासून लपवले होते. लेझर घेतलेल्यांना पुढचा फोड येण्यास मध्यमान ३७.५ आठवडे लागले, दुसऱ्या गटाला अवघे ३ आठवडे. फरक मोठा आहे. पण यात लेझर दिला गेला तो फोड नसताना. म्हणजे हा अभ्यास फोड पुन्हा येऊ नये यासाठीचा होता, आलेला फोड बरा करण्याचा नव्हता. घरगुती उपकरणे नेमके दुसरे काम करण्याचा दावा करतात आणि दाखला मात्र पहिल्याचा देतात.

आलेल्या फोडावरील चाचण्या ब्रिटनमध्ये झाल्या. २००६ च्या चाचणीत उपचार घेतलेल्यांचा फोड सरासरी ६.३ दिवसांत, तर खोटा दिवा वापरलेल्यांचा ९.४ दिवसांत बरा झाला. २०१३ मध्ये ८७ रुग्णांच्या चाचणीत हा काळ अनुक्रमे १२९ तास आणि १७७ तास होता, म्हणजे दोन दिवसांचा फरक. यातील प्रकाश होता १०७२ नॅनोमीटरचा. हा अवरक्त प्रकाश असून डोळ्यांना तो दिसतच नाही. लाल चमकणारा ६३० किंवा ६६० नॅनोमीटरचा दिवा विकताना या चाचण्यांचे आकडे देणे म्हणजे एका औषधाचा निकाल दुसऱ्या औषधाच्या बाटलीवर छापण्यासारखे आहे.

२०१२ मध्ये २३२ रुग्णांवरील अभ्यासात ६७० नॅनोमीटरच्या लेझरचे निकाल अनुकूल आले. ब्राझीलमधील २०१० च्या अभ्यासात ७८० नॅनोमीटरचा लेझर आठवड्यातून एकदा, असा १० आठवडे दिला. त्यात फोडांचा आकार आणि सूज घटली. वेदना आणि फोड येण्याचे प्रमाण यांतील फरक मात्र योगायोगापलीकडचा ठरला नाही.

मग शंका कशाची?

पहिली, आकाराची. बहुतेक चाचण्या काही डझन रुग्णांच्या आहेत. दुसरी, सारखेपणाची. एका चाचणीत दर चौरस सेंटिमीटरला ४८ ज्यूल ऊर्जा दिली गेली, दुसरीत सुमारे २ ज्यूल. तरंगलांबी, वेळा आणि उपचाराची जागा, सारेच वेगळे. त्यामुळे ‘ही मात्रा उपयोगी’ असे कोणी ठामपणे सांगू शकत नाही. तिसरी, हितसंबंधांची. १०७२ नॅनोमीटरच्या चाचण्यांशी निगडित एक संशोधक त्या उपकरणाच्या निर्मितीशीही निगडित होता. यामुळे निष्कर्ष आपोआप खोटे ठरत नाहीत. पण संबंध नसलेल्या दुसऱ्या गटाने तोच प्रयोग मोठ्या संख्येवर करून पाहणे गरजेचे ठरते.

वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१५ मध्ये ओठांवरील फोड टाळण्याच्या उपायांवरील ३२ चाचण्या तपासल्या. मंद लेझरबाबतच्या पुराव्याचा दर्जा त्यांनी ‘अत्यंत कमी’ ठरवला. उपाय निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. निकाल अनुकूल असले तरी त्यांवर विसंबता येत नाही, एवढाच अर्थ आहे.

चाचणीतील लेझर आणि घरातील दिवा यांत फरक काय?

येथे साधा गुणाकार कामी येतो. व्हिएन्नातील लेझरची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला ८० मिलिवॅट होती. म्हणजे त्वचेच्या तेवढ्या भागावर सेकंदाला ०.०८ ज्यूल ऊर्जा पडत होती. ४८ ज्यूल पोहोचायला ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटे लागतात. घरच्या उपकरणाची तीव्रता ओठापाशी १० मिलिवॅट असेल, तर तेवढ्याच मात्रेसाठी ८० मिनिटे धरून बसावे लागेल. तीन मिनिटांत आपोआप बंद होणारे उपकरण जेमतेम १.८ ज्यूल देईल.

अंतराचाही प्रश्न आहे. पॅनेलच्या खोक्यावरील आकडा बहुधा दिव्याच्या अगदी जवळचा असतो. पॅनेल हातभर लांब ठेवले की ओठापर्यंत पोहोचणारा प्रकाश बराच कमी होतो. कित्येक स्वस्त उपकरणांवर तीव्रतेचा आकडाच नसतो. ‘१०० एलईडी’ किंवा ‘६० वॅट’ यावरून काही कळत नाही. वॅट म्हणजे उपकरण किती वीज खाते, ओठावर किती प्रकाश पडतो ते नव्हे.

आणखी एक गल्लत टाळायला हवी. कंबर-गुडघ्याच्या शेकासाठी अनेक घरांत लाल रंगाचा इन्फ्रारेड बल्ब असतो. तो उष्णतेचा दिवा आहे. ओठाची पातळ त्वचा त्याने भाजू शकते. साधा लाल रंगाचा बल्बही उपयोगाचा नाही.

औषधांच्या तुलनेत हा उपाय कोठे बसतो?

या विषाणूवर असायक्लोव्हिर हे औषध अनेक दशके वापरात आहे. ते विकसित करणाऱ्या संशोधनात मोलाचा वाटा असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. विषाणूचेच एक विकर या औषधाला कार्यरत करते. त्यामुळे ते मुख्यतः लागण झालेल्या पेशीतच काम करते आणि विषाणूची नक्कल थांबवते.

औषधांचा परिणामही चमत्कारिक नाही. असायक्लोव्हिरच्या मलमाने आजार साधारण अर्ध्या दिवसाने आटोपतो. व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या पहिल्या चुणचुणीलाच, एका दिवसात दोन वेळा घेतल्यास सुमारे एक दिवस वाचतो. मग दोन दिवस वाचवणारा दिवा औषधापेक्षा सरस का म्हणू नये? कारण आकडे एका मोजपट्टीवरचे नाहीत. औषधांच्या चाचण्यांत काहीच न मिळालेल्या गटाचा फोड पाचेक दिवसांत बरा झाला, तर दिव्याच्या चाचणीत त्यालाच सातहून अधिक दिवस लागले. मोजणी कधी सुरू झाली आणि ‘बरा’ कशाला म्हटले, यात फरक आहे. औषधांमागे हजारो रुग्णांच्या चाचण्या आहेत, ही बाबही विसरता येत नाही.

दोन्हींत एक गोष्ट समान आहे. जे करायचे ते पहिल्या काही तासांत. खपली धरल्यावर मलम, गोळी किंवा दिवा, कशाचाच फारसा उपयोग होत नाही. खरा तोटा येथे संभवतो. दिव्याने कमी होते का पाहू, असे म्हणत दोन दिवस घालवले तर औषधाची वेळ निघून जाते.

धोके कोणते?

सांगितल्याप्रमाणे वापरलेला लाल एलईडी त्वचेला सहसा अपाय करत नाही. त्यात अतिनील किरण नसतात. मात्र डोळ्यांवर थेट प्रकाश पडता कामा नये. अवरक्त प्रकाश दिसत नसल्याने पापणी आपोआप मिटत नाही, म्हणून तेथे अधिक काळजी हवी. प्रकाशाने त्वचेवर प्रतिक्रिया येऊ शकेल अशी औषधे सुरू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांनी आणि ओठावर आधीपासून न भरणारा चट्टा असणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने हा प्रयोग करू नये. फोडाला टेकवलेले उपकरण निर्जंतुक न करता दुसऱ्याने वापरल्यास विषाणू पसरू शकतो.

मोठा धोका चुकीच्या निदानाचा आहे. तोंड येते तेव्हा आतल्या बाजूला चट्टे पडतात. ते या विषाणूचे नसतात. ओठांचे कोपरे चिरतात, त्यामागे बुरशी किंवा जीवनसत्त्वांची कमतरता असू शकते. नागीण हा याच कुळातल्या, पण वेगळ्या विषाणूचा आजार असून तिच्यावर वेळेत औषध घ्यावे लागते. या सर्वांवर एकच लाल दिवा फिरवण्यात अर्थ नाही.

विकत घ्यायचेच असेल तर काय पाहावे?

तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये, तीव्रता मिलिवॅटमध्ये आणि ती किती अंतरावर मोजली, हे तिन्ही आकडे दिलेले असावेत. ‘एफडीए क्लिअर्ड’ या शब्दांनी भुलू नये. अमेरिकेत अनेक उपकरणांना आधीच्या एखाद्या उपकरणाशी साधर्म्य दाखवून अशी परवानगी मिळते. ती ‘अप्रूव्हल’हून वेगळी असते आणि ठरावीक वापरापुरती असते. सुरकुत्यांसाठी मिळालेली परवानगी ओठावरच्या फोडाला लागू होत नाही. भारतात वैद्यकीय उपकरणे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या कक्षेत येतात. एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणांना औषध कायदा लागू आहे. तेव्हा आजार बरा करण्याचा दावा करणाऱ्या विक्रेत्याला परवाना क्रमांक विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. ‘सौंदर्य उपकरण’ म्हणून विकायचे आणि जाहिरातीत आजार बरा करायचा, अशा विक्रेत्यापासून दूर राहणे बरे.

ताप फुटलाच तर काय करावे?

ज्यांना वर्षातून अनेकदा फोड येतात त्यांनी डॉक्टरांकडून औषध आधीच लिहून घ्यावे आणि पहिल्या चुणचुणीलाच ते सुरू करावे. दिवा वापरायचाच तर त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नव्हे. फोडाला सारखा हात लावू नये, लागल्यास साबणाने हात धुवावे. तेच बोट डोळ्याला लागले तर विषाणू बुबुळापर्यंत पोहोचून दृष्टीला धोका होऊ शकतो. खपली पडेपर्यंत टॉवेल, पेला, लिपस्टिक वेगळी ठेवावी. तान्ह्या बाळाचा पापा मुळीच घेऊ नये, नवजात बाळात हा संसर्ग जिवावर बेतू शकतो. घरात पडून असलेले स्टेरॉइड मिश्रित मलम लावू नये, त्याने संसर्ग बळावतो. उन्हाने फोड येणाऱ्यांनी ओठांना सनस्क्रीन असलेला बाम लावावा आणि टोपी किंवा स्कार्फ वापरावा.

फोड डोळ्याजवळ असेल, चेहराभर पसरत असेल, सोबत तीव्र ताप असेल, रुग्णाला इसब असेल किंवा त्याची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि ओठावरचा चट्टा दोन आठवड्यांनंतरही भरला नसेल, तर तो ‘ताप’ आहे हे गृहीत धरणेच सोडून द्यावे. तंबाखू, गुटखा किंवा मिश्रीची सवय असणाऱ्यांनी तर अशा चट्ट्यावर दिवा धरून बसण्यात एक दिवसही घालवू नये. त्याची तपासणी करून घ्यावी.